प्रश्नोत्तराचा तास आणि अंतराळ



चौबे कॉलनीत मराठी श्रोत्यांपुढे बोलताना एका शब्दाचा प्रथम खुलासा केला पाहिजे. बाहेर रस्त्यावर 'विधायक' म्हटले की आमदार डोळ्यांपुढे येतो. आपल्या मराठीत तो रचनात्मक अशा अर्थाचा साधा विशेषणशब्द आहे. आजच्या विषयात हे दोन्ही अर्थ जवळ येतात. राष्ट्राचे अंतराळविषयक धोरण घडविण्यात लोकप्रतिनिधीचा विधायक वाटा किती, हा तो विषय होय.

अमेरिकेत याचे उत्तर सरळ मिळते. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुत्निक सोडला आणि नोव्हेंबरातच सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते लिंडन जॉन्सन यांनी आपल्या उपसमितीपुढे साक्षी घेण्यास प्रारंभ केला. त्यांचा हेतू निव्वळ ज्ञानोपासनेचा होता असे मानण्याइतके आपण भाबडे नसावे. परंतु त्या खटपटीतून कायदा निघाला. 29 जुलै 1958 रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यावर सही केली. 'नासा' ही मुलकी संस्था कायद्याने जन्मास आली आणि अंतराळकार्य शांततेसाठी असावे, हे तत्त्व कायद्याच्या मजकुरातच नोंदले गेले.

आपल्याकडे असे घडले नाही. अणुऊर्जेसाठी 1948 मध्ये आणि पुन्हा 1962 मध्ये संसदेने अधिनियम केला. पण 1962 ची अंतराळ संशोधन समिती, 1969 ची इस्रो, 1972 मधील अंतराळ आयोग व अंतराळ विभाग ही सारी सरकारी निर्णयांची अपत्ये आहेत. यामुळे काम अडले नाही. साराभाई आणि धवन यांना जी मोकळीक लाभली ती कदाचित याचमुळे लाभली. खासदाराच्या हाती मात्र मोजकीच साधने उरली : अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चा, संसदीय समिती आणि प्रश्न. यांपैकी मागण्या अनेकदा चर्चेवाचूनच मंजूर होतात. म्हणून प्रश्नाचे मोल अधिक.

या प्रश्नाची एक कथा आपल्या रायपूरशी निगडित आहे. 1 ऑगस्ट 1975 रोजी 'साइट' हा उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर व दुर्ग या जिल्ह्यांतील खेडी होती. ज्या गावांत वीज नुकती आली होती तेथे जाळीच्या मोठ्या थाळीखाली संच ठेवला जाई आणि सकाळी शाळकरी मुले, सायंकाळी सारा गाव त्यापुढे बसे. उपग्रह अमेरिकेचा, वर्षापुरता मागून घेतलेला. 31 जुलै 1976 रोजी प्रयोग संपला. पुढे काय, हा प्रश्न त्या खेड्यांच्या वतीने संसदेत कोणी विचारावयाचा? प्रयोग सुरू झाला तेव्हा देशात आणीबाणी होती आणि 21 जुलै 1975 पासून भरलेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित ठेवला होता. आकाशातून बोलणे ऐकू येऊ लागले, त्याच आठवड्यात सभागृहात विचारणे बंद होते.

आता उत्तर देणाऱ्याकडे वळू. अंतराळ विभाग पंतप्रधानांकडे असतो, पण सभागृहात उत्तरे देण्याचे काम बहुधा त्यांच्या कार्यालयातील राज्यमंत्र्याकडे येते. 2004 ते 2010 या काळात ते पृथ्वीराज चव्हाण यांच्याकडे होते. इंदुरात जन्मलेले, पिलानी व बर्कले येथे अभियांत्रिकी शिकलेले, कराडमधून तीनदा लोकसभेवर गेलेले आणि तेव्हा राज्यसभेचे सदस्य असलेले हे गृहस्थ. 22 ऑक्टोबर 2008 रोजी चांद्रयान निघाले ते याच काळात. त्यांनी धोरण घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शास्त्रज्ञाचे म्हणणे सभागृहाला आणि सभागृहाची शंका शास्त्रज्ञाला कळेल अशा भाषेत मांडणे, हे अभियंता खासदाराला साधू शकते. माझ्यासारख्या अनुवादकाला त्या कामाची अवघडता ठाऊक आहे.

याच काळातला एक करार मात्र विसरता येत नाही. इस्रोची व्यापारी शाखा अँट्रिक्स आणि देवास ही कंपनी यांच्यात 28 जानेवारी 2005 रोजी तो झाला. 2011 मध्ये सरकारने तो रद्द केला आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल 2012 मध्ये संसदेपुढे आला. मधली वर्षे मोजून पाहावीत.

अनुवाद करताना 'धोरण' आणि 'अधिनियम' हे शब्द एकमेकांच्या जागी पडू नयेत, ही दक्षता घ्यावी लागते. 2023 चे अंतराळ धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले. तो अधिनियम नव्हे. अंतराळविषयक विधेयकाचा मसुदा त्यापूर्वी, 2017 मध्ये, सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता. दरम्यान 18 नोव्हेंबर 2022 रोजी विक्रम-एस हे भारतातील खाजगी कंपनीचे पहिले रॉकेट उडाले. 1967 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा खाजगी कार्याचीही जबाबदारी राष्ट्रावर असते. एखाद्या कंपनीच्या यानाचा तुकडा परदेशात कोणाच्या शेतात पडला, तर 1972 च्या करारान्वये भरपाईचा दावा भारत सरकारवर येईल. त्यातील किती भाग कंपनीने सोसावा, तिने आधी विमा उतरवावा काय आणि मर्यादा कोठे असावी, ही कलमे खासदारांनी लिहावयाची आहेत.