गाडीचं पेन्शन शेतानं का द्यावं?

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातलं सोनारी गाव बहुतेकांना माहीत असतं ते काळभैरवनाथामुळे आणि देवळाभोवती वावरणाऱ्या माकडांमुळे. चैत्रात इथं यात्रा भरते, तेव्हा पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं गावाकडं येतात. आज मी बोलणार आहे ते या पट्ट्यातल्या अशा माणसांबद्दल, जी पोटासाठी बाहेर पडली पण कुठल्याच शहरात राहिली नाहीत. ती रस्त्यावर राहिली. क्लीनर म्हणून लॉरीवर चढली, पुढं ड्रायव्हर झाली, साठीच्या आसपास खाली उतरली आणि आता ज्वारी, तूर, पाणी असेल तर थोडा ऊस आणि दावणीची एखाद-दुसरी म्हैस यांत त्यांचे दिवस जातात. त्यांच्याबद्दल गावात सहज म्हटलं जातं, ‘लई वर्षं गाडी मारली, आता निवांत शेती करतोय.’ बोलण्यात माया आहे, पण वस्तुस्थिती तशी नाही. या माणसाच्या म्हातारपणाचा खर्च ज्या धंद्यानं उचलायला हवा होता त्यानं तो उचललाच नाही. तो त्याच्या कोरडवाहू शेतावर पडला. हे नजरचुकीनंही झालेलं नाही. मालवाहतूक आपल्याकडे स्वस्त राहिली याचं एक कारण म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीशी कुठंतरी चार एकर रान आहे, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

ही माणसं गाडीवर का गेली, ते आधी बघू. परंडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. जवळची मोठी पेठ बार्शी, आणि ती होती इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शीला १८९७ मध्ये छोटी रेल्वे आली. ती अरुंद मापाची असल्यामुळे कुर्डुवाडीला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. बार्शीच्या बाजारातलं पोतं एकदा लॉरीत चढवलं की ते थेट मुंबईच्या व्यापाऱ्याच्या दारात उतरवता येतं, हे लक्षात आल्यावर लॉरीचं महत्त्व वाढत गेलं. जमशेदपूरला टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं मालमोटारी बनवायला सुरुवात केली, त्यानंतरच्या दोन दशकांत हुंडेकऱ्यांची दुकानं तालुक्यातालुक्याला निघाली. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात खडी फोडून गावोगाव रस्ते झाले. रानात दाणा नव्हता, विहिरी आटलेल्या, आणि रस्ता मात्र दारात आलेला. घरातल्या एका पोरानं त्या रस्त्यानं बाहेर पडावं, हा हिशेब मराठवाड्यातल्या हजारो घरांनी केला. म्हणजे शेती सोडावी म्हणून कुणी लॉरीवर गेलं नाही. शेती टिकावी म्हणून गेलं. पुढचं सगळं बोलणं या एका गोष्टीवर उभं आहे.

जुने ड्रायव्हर एकत्र बसले की बोलणं कामाचंच निघतं, आणि ते नीट ऐकलं तर त्यात पुरावा सापडतो. द्रुतगती मार्ग होण्याआधीचा खंडाळ्याचा घाट, भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढवताना क्लीनरनं हातात लाकडी उटी घेऊन चाकाबरोबर पायी चालायचं, गाडी मागं सरकली की ती चाकाखाली सारायची. पॉवर स्टिअरिंग नसलेलं चाक वळवताना खांद्यापासून कमरेपर्यंत येणारा ताण. इंजिनाचं धूड केबिनच्या आतपर्यंत आलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात पावलं भाजायची. पाऊस आला की रात्री-अपरात्री टपावर चढून ताडपत्री ओढायची, रस्सा आवळायचा, कारण साखरेचं पोतं भिजलं तर भरपाई पगारातून कापली जाई. या आठवणी ते अभिमानानं सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्यातली प्रत्येक गोष्ट गुडघ्यावर, मणक्यावर, डोळ्यांवर आपली खूण ठेवून गेलेली असते. नव्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं व्हायला आपल्याकडे २०२५ साल उजाडलं. त्याआधीची सगळी उष्णता ज्यांच्या अंगावरून गेली, ते आज तेच गुडघे घेऊन रानात खुरपणीला बसतात.

ड्रायव्हरला महिन्याचा पगार आणि खेपेचा भत्ता मिळे. भत्त्यातून वाटेतलं जेवण, चहा, पंक्चर अशी किरकोळ देणी भागवून जे उरेल ते घरी जायचं. त्या पैशांवर एक माणूस जगू शकत होता. पाच-सहा जणांचं घर चालत नव्हतं. ते चालत होतं कारण घरी दाणे होते, दूध होतं, आणि ते पिकवणारी बाई होती. नवरा पंधरा-पंधरा दिवस गाडीवर असताना पेरणीला बैल सांगणं, मजुरीच्या बायका जमवणं, खुरपणं, राखण करणं, राशीच्या वेळी मापाला उभं राहणं, आणि वर सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं हे सगळं तिनं केलं. सातबाऱ्यावर बहुतेक वेळा तिचं नाव नसतं आणि गाडीमालकाच्या वहीत तर ते कधी येण्याचं कारणच नव्हतं. पण बार्शीहून मुंबईला गेलेल्या प्रत्येक पोत्याच्या भाड्यात तिच्या बिनपगारी कष्टांची सूट धरलेली होती. ती सूट व्यापाऱ्याला मिळाली आणि शहरातल्या गिऱ्हाइकालाही मिळाली. ‘ड्रायव्हर शेतीकडे परतला’ म्हणताना आपण विसरतो की शेती इतकी वर्षं त्याच्या नोकरीला पैसे पुरवत होती.

कायदा नव्हता का? होता. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी असं सगळं लिहिलेलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. ग्रॅच्युइटीसाठी दहा माणसांची अट, भविष्य निर्वाह निधीसाठी वीस माणसांची. आपल्याकडच्या बहुतेक मालमोटारी एक, दोन, तीन गाड्यांच्या मालकांच्या. म्हणजे कायद्याच्या जाळीची भोकं नेमकी या धंद्याच्या आकाराची होती. पुढं २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन योजना आली, साठीनंतर महिना ३००० रुपयांची. पण तिच्यात शिरायचं वय १८ ते ४०. ज्यांनी १९७२ नंतर स्टिअरिंग धरलं त्यांच्यासाठी ते दार उघडायच्या आधीच बंद झालेलं होतं. राज्याच्या वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेला वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. आज सरकार या माणसाला ओळखतं ते शेतकरी म्हणून : केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा असे वर्षाला १२ हजार रुपये, तेही सातबारा नावावर असेल तर. आयुष्यातली कामाची वर्षं गाडीवर गेली, त्या वर्षांपोटी त्याच्या खात्यात काहीच येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की त्याला जमीन आहे ना, शहरातल्या ड्रायव्हरपेक्षा तो बराच बरा. थोडं खरं आहे. घर स्वतःचं असतं, भाकरीला ज्वारी विकत आणावी लागत नाही, आणि चार माणसांत मान असतो. याची किंमत मी कमी लेखत नाही. पण जमीन म्हणजे पेन्शन नव्हे. पेन्शन दर महिन्याला ठरलेलं येतं. धाराशिव जिल्ह्यातली जमीन २०१२-१३ ला काही देत नाही, २०१५-१६ ला देत नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि तिला मिळणाऱ्या नद्यांना पूर आला तेव्हा परंडा तालुक्यात पिकाबरोबर मातीही वाहून गेली. खरडून गेलेल्या रानात पुन्हा गाळमाती भरायची तर ट्रॅक्टरच्या खेपा कर्ज काढून कराव्या लागतात. शिवाय शेती म्हातारपणी विश्रांती देत नाही. शेतीपंपाची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी अजूनही पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती बाळगत दारं धरायची. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं रात्री जागून काढली, त्यानं सत्तरीतही रात्रीच जागायचं, याला निवांतपणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ड्रायव्हर मालक बदलतो. आज या शेठची गाडी, पुढच्या दिवाळीनंतर त्या शेठची. मग कुणाकडून काय वसूल करायचं? याचं उत्तर महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये दिलं आहे, आणि तेही लॉरीच्याच मागच्या फाळक्यापाशी. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या माथाडी कामगारांचाही एक मालक नव्हता. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. म्हणून कायद्यानं मंडळं स्थापन केली. कामगाराची नोंद मंडळाकडे, माल ज्याचा त्यानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार, औषधपाणी. आता एक गाडी डोळ्यांसमोर आणा. नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजारात पोती उतरवून घेणारा नोंदीत हमाल निवृत्त होईल तेव्हा त्याच्या नावावर काही रक्कम असेल. तीच पोती शेकडो किलोमीटर सुखरूप आणणारा ड्रायव्हर शेजारीच उभा आहे, आणि त्याच्या नावावर काही नाही. हमालाचं आहे त्यातलं काही कमी करा, असं मी म्हणत नाही. त्याला जे न्यायानं मिळालं ते ड्रायव्हरलाही मिळावं, एवढंच मागणं आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं, तेही याच वाटेनं.

छोटे गाडीमालक इथं हात वर करतील, आणि त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे. डिझेल, टायर, विमा, टोल, बँकेचा हप्ता यांत भाडं संपतं. त्यात वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, बोजा गाडीवर पडतो म्हणून ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी घेऊन वाहतूकदार संघटना वर्षानुवर्षं भांडल्या आहेत. ती मागणी मला पटते, आणि तिचंच तत्त्व इथंही लावावं. लेव्ही गाडीमालकावर नको, माल पाठवणाऱ्यावर हवी. जमीन गहाण टाकून स्वतःची गाडी घेतलेला आणि स्वतःच ती चालवणारा माणूसही लाभार्थी म्हणूनच मोजावा. त्याची अवस्था पगारी ड्रायव्हरहून फार वेगळी नाही. वसुलीची यंत्रणा नव्यानं उभी करायला नको. २०१८ पासून ई-वे बिल आहे. ठरावीक किमतीवरच्या मालाची खेप निघायची तर कुणाचा माल, कुठून कुठं, किंमत किती आणि गाडीचा नंबर काय, हे सगळं आधी नोंदावं लागतं. गाडी चालवणाऱ्याच्या लायसन्सचा नंबर तेवढा त्यात विचारत नाहीत. तो एक रकाना वाढवला, खेपेमागे अगदी थोडी रक्कम मालधन्यानं त्या नंबरावर भरली, तर शेठ कितीही बदलले तरी खातं बदलणार नाही. भाडं वाढून महागाई होईल, ही भीती दाखवली जाते. पंधरा-वीस टनांच्या खेपेवर विभागलेली ती रक्कम किलोमागे पैशांत मोजावी लागेल, आणि आजवर ती आपण भरली नाही म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. ती सोनारीसारख्या गावांतल्या घरांनी भरली.

राहता राहिले ते, ज्यांची गाडी सुटून काळ लोटला. नव्या खात्यात भर घालायला त्यांच्यापाशी आता खेपा उरलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी लेव्हीतला एक हिस्सा पहिल्या वर्षापासून थेट मासिक पेन्शन म्हणून द्यावा लागेल, त्यांचा वाटा न मागता. आणि ड्रायव्हर वारला असेल तर ते त्याच्या पत्नीला मिळालं पाहिजे, कारण त्या नोकरीचा अर्धा भार तिनं उचलला होता. पुरावा काय, असं विचारलं जाईल. पगारपत्रक नाही, नेमणुकीचं पत्र नाही, अनेक मालकही आता हयात नाहीत. पण मालमोटार चालवायचं लायसन्स १९८८ च्या कायद्याखाली दर तीन वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावं लागे. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या नूतनीकरणाच्या नोंदी परिवहन कार्यालयांत असायला हव्यात, आणि जीर्ण झालेली लायसन्सची पुस्तकं अनेकांनी ट्रंकेत सातबाऱ्याशेजारी जपून ठेवलेली असतात. त्या नोंदी ग्राह्य धरायला एक शासन निर्णय पुरे आहे, आणि तो याच पिढीच्या हयातीत निघायला हवा.