बारा जॉब, बारा अलाइनमेंट

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठंही जा, बऱ्याच कारखान्यांत आता वातानुकूलित अशी एक काचेची खोली दिसते. आत काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर सीएमएम, म्हणजे को-ऑर्डिनेट मेझरिंग मशीन, आणि त्याच्याखाली फिक्स्चर प्लेटवर ओळीनं लावलेले जॉब. प्रोग्रॅम एका जॉबचा लिहिलेला असतो आणि तो बाराही जॉबवर चालवायचा असतो. संध्याकाळी प्लेट भरायची, सकाळी बारा रिपोर्ट उचलायचे. सोय मोठी आहे. पण घाईत त्यातली एक पायरी गळते. हे भाषण त्या पायरीसाठी आहे.

काही प्रोग्रॅमर एका जॉबचा प्रोग्रॅम बारा वेळा कॉपी करतात. पुढे ड्रॉइंगची नवी आवृत्ती येते, टॉलरन्स बदलतो, अकरा ठिकाणी दुरुस्ती होते आणि एक जागा राहून जाते. म्हणून जाणकार लूप लावतात: पहिल्या पॉकेटपासून, म्हणजे प्लेटवरच्या जॉब बसवायच्या जागेपासून, एक्समध्ये 120 मिमी, वायमध्ये 90 मिमी, असे ऑफसेट द्यायचे आणि तोच प्रोग्रॅम फिरवायचा. इथपर्यंत उत्तम.

चूक याच्या पुढे होते. ओरिजिन 120 मिमी सरकवला की लगेच बोअर मोजायला सुरुवात! पॉकेट 120 मिमीवर आहे, म्हणून जॉबही नेमका तिथंच आणि तसाच बसलाय, असं गृहीत धरलेलं असतं. पण जॉबखाली बर असतो, पॉकेटमध्ये चिप अडकलेली असते, क्लॅम्प आवळताना जॉब किंचित फिरतो. ऑफसेट सांगतो जॉब कुठे असायला हवा. तो खरोखर कुठे आहे, हे फक्त त्या जॉबचं स्वतःचं अलाइनमेंट सांगतं.

लग्नाच्या पंगतीत वाढपी नेमकं हेच करतो. दोन पानांमधलं अंतर त्याच्या पावलांना पाठ असतं, तोच त्याचा ऑफसेट. पण पानापाशी आल्यावर तो आधी पान बघतो. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. एखादं पान तिरकं पडलं असेल, तर वाढप्याचा हात त्या पानाप्रमाणे वळतो. नुसती पावलं मोजून वाढणाऱ्याची चटणी पाचव्या पानावर भातात पडेल आणि कोशिंबीर सतरंजीवर. शेंडा म्हणजे त्या पानाचा डेटम, मोजणीचा संदर्भ, आणि तो दर पानाला नव्यानं बघावा लागतो.

आता आकडे बघा. जॉब पॉकेटमध्ये फक्त 0.1 अंशानं फिरला, तर डेटमपासून 100 मिमीवरचं भोक जवळपास 0.17 मिमी बाजूला दिसतं. पोझिशन व्यासात मोजतात, म्हणून रिपोर्टवर 0.35 छापून येतं. ड्रॉइंगवर 0.2 असेल तर जॉब रिजेक्ट. जॉब मात्र चांगला असतो! याहून वाईट म्हणजे जॉबमधली खरी चूक आणि बसण्यातली चूक एकमेकींना खाऊन टाकतात, आणि खराब जॉब पास होऊन गिऱ्हाइकाकडे जातो.

उपाय, म्हणजे जॉबचं अलाइनमेंट, कार्यशाळेत सगळ्यांना पाठ आहे: तीन-दोन-एक. प्लेनवर तीन बिंदू, कडेवर दोन, तिसऱ्या बाजूवर एक. सहा स्पर्शांत जॉबच्या सहाही हालचाली बांधल्या जातात. हे लूपच्या आत हवं. बाहेर एकदा करून भागत नाही.

ज्या प्रोबनं हे स्पर्श होतात, तो स्वतः याच शिस्तीवर चालतो. 1972 साली रोल्स-रॉइसमधले इंजिनिअर डेव्हिड मॅकमर्ट्री यांच्यापुढे कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनाच्या बारीक इंधननळ्या मोजण्याचा प्रश्न होता. टणक टोक टेकवलं की नळी दबायची. त्यांनी स्प्रिंगवर बसवलेला टच-ट्रिगर प्रोब बनवला. त्यात स्टायलस, म्हणजे जॉबला टेकणारी काडी, तीन दांड्यांवर टेकतो, प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर, असे सहा टेकू. जॉबला लागलं की संपर्क तुटतो, त्या क्षणाचे को-ऑर्डिनेट नोंदले जातात आणि स्टायलस पुन्हा मूळ जागी बसतो. दर स्पर्शानंतर प्रोब आपली जागा नव्यानं घेतो. मग जॉबची जागा मागच्या जॉबवरून का ठरवायची?

प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे पडताळायला दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिलीत एकच जॉब बाराही पॉकेटमध्ये पाळीपाळीनं लावून मोजायचा. आकडे काही मायक्रॉनच्या आत जुळले पाहिजेत. दुसरीत जॉबच्या एका टोकाखाली फिलर गेजचं 0.1 मिमीचं पातं मुद्दाम सरकवायचं आणि त्याच पॉकेटमध्ये पुन्हा मोजायचं. उंचीचा आकडा पात्यासरशी बदलला, तर प्रोग्रॅम जॉबऐवजी प्लेट मोजतोय.

तापमानाचा मुद्दाही इथंच येतो. मोजमापाचं संदर्भ तापमान 20 अंश सेल्सिअस, हे 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. 30 अंशांवरचा 200 मिमीचा अॅल्युमिनियमचा जॉब सुमारे 0.046 मिमी लांब असतो. गरम जॉब थेट मशीनवरून उचलून प्लेटवर लावले, तर पहिला गरम असताना मोजला जातो आणि बारावा तासाभरानं, निवल्यावर. बारा जॉब एकाच लॉटचे, पण मोजले वेगवेगळ्या तापमानाला.

तेव्हा लूपचा क्रम पुन्हा एकदा. आधी ऑफसेट. मग पॉकेटमध्ये जॉब आहे का, हे बघणारा एक स्पर्श. नाहीतर रिकाम्या पॉकेटपाशी मशीन एरर देऊन रात्रभर उभं राहतं. मग त्याच जॉबवर तीन-दोन-एक. मग बोअर. मग सुरक्षित उंचीवर प्रोब वर, आणि रिपोर्टवर पॉकेटचा नंबर. पहिली फेरी कमी वेगानं, ऑपरेटरनं इमर्जन्सी बटणावर हात ठेवून बघायची.