'रोग वन': हशा, शिट्ट्या आणि अंधार

आज बोलू 'रोग वन'वर. रोग म्हणजे आजार नाही हां, बंडखोर या अर्थानं. गॅरेथ एडवर्ड्सचा 2016 चा स्टार वॉर्स पिक्चर. स्पॉयलर भरपूर आहेत, बघितला नसेल तर इथेच पॉज करा.

या पिक्चरची मुळातच एक अडचण होती. डेथ स्टारचे प्लॅन चोरीला गेलेत हे 1977 च्या पहिल्या पिक्चरच्या सुरुवातीलाच कळतं. म्हणजे मोहीम फत्ते होणार हे थिएटरात शिरतानाच ठाऊक. मग धाकधूक कशाची? तर यातलं कोण जगणार याची. आणि उत्तर आहे, कोणीच नाही. जिन, कॅसियन, चिरूट, बेझ, बोधी, सगळे जातात. एवढा अंधार लोकांच्या गळी उतरवायचा कसा?

इथे कामाला येतो के-टू-एसओ. साम्राज्याचाच ड्रॉइड, पण रीप्रोग्रॅम केलेला. जिभेला हाड नाही, खरं तर जीभही नाही! तिला ब्लास्टर आणि मला का नाही, अशी त्याची आधी कुरकुर असते. आपण हसतो. पुढे स्कॅरिफवर जिन स्वतःहून त्याच्या हातात ब्लास्टर देते. परत हसतो. मग तेच ब्लास्टर घेऊन तो व्हॉल्टबाहेर एकटा लढतो, जिन आणि कॅसियन आत सुरक्षित राहावेत म्हणून दार लॉक करतो, आणि कोसळतो. जो जोक होता, तोच आता निरोप झालाय. म्हणून तो सीन इतका लागतो.

याउलट मुस्तफारवर डार्थ व्हेडर क्रेनिकचा गळा आवळताना शब्दांवर कोटी करतो. हशा पिकतो, पण भीती कमी होते. के-टूचा विनोद त्याच्या स्वभावातून येतो; हा मात्र लेखकानं व्हेडरच्या तोंडी घातलेला वाटतो.

आता फॅन सर्व्हिस. आम्ही कोडमधली एखादी ओळ काढून बघतो. काहीच मोडलं नाही तर ती डेड कोड. याविनवर आर-टू आणि थ्रीपीओ क्षणभर दिसतात. काढून टाका, काही मोडत नाही. छोटं आहे, म्हणून माफ.

पण शेवटचा व्हेडरचा कॉरिडॉर? तो काढलात तरी प्लॅन लेयापर्यंत पोचतीलच, गोष्ट पुढे सरकेल. तरी काहीतरी मोडतं. अंधारात लाल लाइटसेबर पेटतो तेव्हा शिट्टी वाजवावीशी वाटते. मग दार अडकतं. आतला माणूस फटीतून डिस्क पुढे सरकवतो, स्वतः मात्र आतच राहतो. तेव्हा लक्षात येतं, आपण ज्याच्यासाठी शिट्टी वाजवतोय तो आपलीच माणसं कापतोय. 1977 च्या पिक्चरमध्ये ते प्लॅन म्हणजे नुसता डेटा होता. आता त्यामागे मेलेली माणसं दिसतात.

पहिला अर्धा भाग विस्कळीत आहे, जिन फार पटकन बदलते, या तक्रारी मला मान्य आहेत. पण हसणं, टाळ्या आणि मरण यांचं प्रमाण टक्क्यांत मोजून जमत नाही. जोकनं माणूस जवळचा व्हावा, ओळखीच्या चेहऱ्यानं काहीतरी पणाला लागावं, मग अंधार कितीही असो, प्रेक्षक सोबत येतो.

तुम्हाला कॉरिडॉर गरजेचा वाटला की नुसता बोनस? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!