लेकीचं फिजिक्स आणि आपलं घर



लेक बारावी सायन्सला असली की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आम्हाला त्यातलं काय कळतंय? ती आणि तिची पुस्तकं." आज आम्ही याच वाक्यावर बोलणार आहोत. इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटी द्यावी लागते आणि पुष्कळ मुलींना धास्ती असते ती फिजिक्सची, म्हणजे भौतिकशास्त्राची. तो विषय आपण शिकलो नसलो, तरी त्याच्या तयारीत आईचा हात लागू शकतो.

आधी परीक्षा कशी असते ते समजून घेऊ. आपल्या राज्याच्या एमएचटी-सीईटीत इंजिनिअरिंगसाठी पीसीएम गट असतो. एकूण गुण २००. फिजिक्सचे ५० प्रश्न आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकाला १ गुण, दोन्ही मिळून वेळ ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, त्याला वेगळी ९० मिनिटं. पेपर कॉम्प्युटरवर सोडवायचा आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे लेकीला सांगून ठेवा. देशपातळीवरच्या जेईई मेनमध्ये मात्र बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं तर १ कापला जातो. दोन्ही परीक्षांना एकच सवय चालत नाही.

आता पुस्तकाचं. सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात. म्हणजे फिजिक्सच्या ५० पैकी ४० बारावीचे आणि १० अकरावीचे. बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात १६ धडे आहेत. हे बालभारतीचं पुस्तक आधी पूर्ण झालं पाहिजे. महागडे गाइड त्यानंतर. अकरावी संपली म्हणून ती पुस्तकं रद्दीत घालू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येतात.

फिजिक्स पाठ करून येत नाही. सूत्र पाठ असतं, पण प्रश्न जरा फिरवून आला की पोरगी थांबते. इथं आपलं घर उपयोगी पडतं. विहिरीचंच घ्या. १० किलोची भरलेली बादली ५ मीटर वर ओढली, तर काम होतं ५०० ज्यूल. हिशोब सोपा आहे. १० किलो, गुरुत्वाचे धरू १०, आणि ५ मीटर उंची, या तिघांचा गुणाकार. हीच बादली १० सेकंदांत ओढली तर शक्ती लागते ५० वॅट, आणि ५ सेकंदांत ओढली तर १०० वॅट. काम तेवढंच, शक्ती दुप्पट. हा फरक ज्या मुलीनं दोर ओढताना अनुभवला, ती तो पेपरात विसरायची नाही.

जात्याचा खुंटा कडेला का बसवतात? मधल्या खिळीच्या जवळ बसवला तर जातं फिरवायला जास्त जोर लागेल. अंतर निम्मं केलं की जोर दुप्पट. बारावीच्या पहिल्याच धड्यात, फिरत्या वस्तूंच्या गतीत, हीच गोष्ट टॉर्क या नावानं येते. दिव्याची वात तेल वर ओढते, कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, या सगळ्याच्या मागं फिजिक्स आहे.

शब्दांचीही एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलींना अकरावीत सगळं इंग्रजीत येतं. विषय कळतो, शब्द अडतो. त्यासाठी एक छोटी वही करायला सांगा. एका बाजूला फोर्स, दुसऱ्या बाजूला बल. मोमेंटम म्हणजे संवेग. ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपर मराठीतूनही देता येतो, गणित मात्र इंग्रजीतच. फॉर्म भरतानाच भाषा निवडायची असते, म्हणून तिला कुठल्या भाषेत प्रश्न पटकन कळतो ते आधी पाहा.

आता आईनं काय करायचं? रोज दहा मिनिटं लेकीला समोर बसवा. तुम्ही तांदूळ निवडा, तिला एक प्रश्न समजावून सांगायला लावा. तिला तीनच गोष्टी विचारा. गणितात काय दिलंय? काय काढायचंय? कुठला नियम लावायचा आणि का? आपल्याला उत्तर बरोबर की चूक ते कळणार नाही. पण ती कुठं अडखळली ते आपल्याला नक्की कळतं. तिथं खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच सरांना विचारायचं.

आणखी एक आपल्याच कामातली गोष्ट. गटाच्या वहीत रुपयांच्या रकान्यात आपण किलो लिहीत नाही. फिजिक्समध्येही तसंच आहे. वेग काढायचा असेल तर उत्तर मीटर प्रति सेकंदातच आलं पाहिजे. एकक जुळलं नाही की गणित चुकलं म्हणून समजा. पुष्कळदा चुकीचे पर्याय नुसत्या एककांवरून गळतात.

शेवटचे दोन-तीन महिने घड्याळ लावून पेपर सोडवायचे. ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. केमिस्ट्रीचे बरेच प्रश्न लवकर होतात, तिथं वाचलेला वेळ फिजिक्सच्या गणितांना द्यायचा. कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे हातानं हिशोब करायची सवय हवी. प्रत्येक पेपरानंतर चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवायचे आणि आठ दिवसांनी पुन्हा सोडवायचे.

पण मैत्रिणींनो, हे सगळं करायला पोरीला वेळ पाहिजे. पाणी, भांडी, धाकट्याला सांभाळणं, पाहुण्यांचा चहा, हे सगळं तिच्याच वाट्याला आलं तर पुस्तक उघडायचं कधी? भावाच्या परीक्षेला घर जसं शांत होतं, तसंच तिच्या परीक्षेलाही व्हायला हवं. रोजचे दोन तास तिच्या नावावर लिहा. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. गटानंही हातभार लावावा. बैठकीची खोली संध्याकाळी मुलींना अभ्यासाला द्यावी. कॉम्प्युटरवर सराव व्हावा म्हणून शाळेत किंवा ग्रामपंचायतीत गटाच्या नावानं विनंती करावी.

खर्चाच्या भीतीनं पाऊल मागं घेऊ नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र वेगळा धरा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढायला वेळ जातो, तेव्हा निकालाची वाट न पाहता आत्ताच तहसीलचं काम उरकून घ्या. परीक्षेच्या तारखा आणि नियम दरवर्षी सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत येतात, त्या तिथंच पाहा.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक विषय वहीत लिहून घ्या: आपल्या गटातल्या कुणाकुणाच्या मुली अकरावी-बारावी सायन्सला आहेत आणि त्यांना काय कमी पडतंय. यादी झाली की काम वाटून घ्या.