बहरीन : मोत्यांच्या बेटावर एक दिवस



विमान बदलण्यासाठी मिळालेल्या नऊ तासांत एखादा देश पाहिला असे कोणी म्हणू लागला, तर ते उंबऱ्यावरून घर पाहिल्यासारखे आहे. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. परंतु एकच धागा हाती धरून हिंडले, तर थोड्या वेळातही पुष्कळ उमगते. बहरीनमध्ये आम्ही मोत्याचा धागा धरला.

बहरीन हे इराणी आखातातील लहानसे द्वीपराज्य. बृहन्मुंबईहून थोडेसेच मोठे. 1971 सालच्या 15 ऑगस्टला इंग्रजी संरक्षणातून ते स्वतंत्र झाले. शेजारच्या सौदी अरेबियाशी 1986 पासून सुमारे पंचवीस किलोमीटरच्या सेतूने ते जोडलेले आहे. बहरीन म्हणजे 'दोन समुद्र'. एक खारा, आणि दुसरा त्याच्या पोटातला गोडा, असा या नावाचा उलगडा करतात. समुद्राच्या तळाशी येथे गोड्या पाण्याचे झरे होते, आणि पाणबुडे खाली जाऊन चामड्याच्या पखालीत ते पाणी भरून आणीत. आता त्यांतील बहुतेक झरे आटले आहेत.

पौषातले दिवस होते, म्हणून उन्हाचा जाच नव्हता. प्रथम आम्ही उत्तर किनाऱ्यावरील जुन्या किल्ल्याकडे गेलो. दुरून केवळ टेकाड दिसते. पण हे टेकाड निसर्गाने केलेले नाही. सुमारे साडेचार हजार वर्षे माणसे एकाच जागी घरे बांधीत गेली, पडक्या घरांवर नवी घरे उठली, आणि बारा मीटर उंचीचा हा ढीग साचला. 1950 नंतरच्या दशकात डॅनिश संशोधकांनी तो उकरला आणि सुमेरियन लेखांतील दिल्मुन या व्यापारी राज्याचे नगर उजेडात आणले. तेथे जी दगडी वजने निघाली, ती मोहेंजोदडो-हडप्पाच्या मापाशी जुळतात. सिंधूच्या खोऱ्यातला व्यापारी येथे आला, तर त्याला तराजू बदलावा लागत नसे! त्याच जागी मातीच्या वाडग्यांत पुरलेल्या सापांचे सांगाडे सापडले, आणि काही वाडग्यांत सापाशेजारी एक एक मोती. माथ्यावरचा किल्ला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हाती होता. वसईचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील बुरूज परके वाटणार नाहीत. वसई त्यांच्या हातून 1739 साली गेली. बहरीन त्याआधीच, 1602 साली, इराणच्या शाह अब्बासाच्या राज्यात गेले होते.

दुपारी आम्ही मुहर्रक बेटावर परतलो. विमानतळही याच बेटावर आहे. येथील जुन्या वस्तीतून मोत्यांच्या व्यापाऱ्यांची घरे, वखारी आणि किनारा यांना जोडणारी साडेतीन किलोमीटरची वाट राखली आहे. 2012 साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. व्यापाऱ्यांच्या वाड्यांतील गिलाव्याची नक्षी पाहून डोळे निवतात. पण आमचे मन रेंगाळले ते पाणबुड्याच्या सामानापाशी. नाकाला लावायचा चिमटा, बोटांना चामड्याच्या टोपड्या, पायाला बांधायचा दगड, गळ्यात शिंपल्यांची जाळी आणि कमरेला दोर. एवढ्या साहित्यावर तो सहा-आठ वाव खोल उतरे आणि मिनिट-दीड मिनिट दम धरून शिंपले वेची. दोर वर ओढणाऱ्याच्या हाती त्याचा प्राण. असे दिवसातून कित्येकदा, आणि तेही उन्हाळ्याचे चार महिने. सकाळी खजूर आणि कॉफी. पोटभर अन्न सूर्यास्तानंतर.

गलबताच्या धन्याला तेथे 'नाखुदा' म्हणतात. आपला कोकणातला 'नाखवा' तो हाच. हंगामापूर्वी नाखुदा उचल देई. मोती चांगले मिळाले नाहीत तर उचल फिटत नसे. ती पुढच्या वर्षावर चढे. वही नाखुद्याची, आकडे त्याचे, आणि अंगठा पाणबुड्याचा. बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. 1920 नंतरच्या दशकात कायदा झाला, प्रत्येक पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशेबाची वही आली आणि कर्जाचा हा वारसा तुटला.

हे मोती जात कोठे? मुख्यतः आपल्या मुंबईला. तेथे त्यांची निवड होई, त्यांना भोके पाडली जात, आणि तेथून ते जगभर जात. व्यवहार रुपयांत चाले. 1965 साली दिनार येईपर्यंत बहरीनचे चलन रुपयाच होते. आपण ज्यांना 'बसरा मोती' म्हणतो, ते बसऱ्याच्या बाजारावरून नाव पडलेले याच आखातातले मोती. आजीच्या पेटीतली नथ किंवा तन्मणी कोणी जपून ठेवला असेल, तर त्यातल्या एखाद्या दाण्यामागे मुहर्रकच्या कोणा पाणबुड्याचा रोखून धरलेला श्वास असू शकेल.

पुढे जपानचे कृत्रिम रीतीने वाढविलेले मोती बाजारात आले, 1929 ची मंदी आली आणि हा धंदा बसला. नेमक्या त्याच सुमारास, 1932 साली, बहरीनमध्ये तेल लागले, म्हणून देश सावरला.

आज त्या देशातील निम्म्याहून अधिक माणसे बाहेरून आलेली आहेत, आणि त्यांत आपले भारतीय पुष्कळ. किनाऱ्यावर एक तेलंगणातला गवंडी भेटला. त्याला विचारले, "काय पाहिलेस येथे?" तो हिंदीत म्हणाला, "साहेब, दलालाचे पैसे फिटले, की मग पाहीन." दोन वर्षे तो त्या बेटावर होता. आम्ही नऊ तासांत जे पाहिले, ते त्याने पाहिले नव्हते.

पाणबुड्याच्या कर्जाची वही आता काचेच्या कपाटात गेली आहे. या गवंड्याची वही अजून चालू आहे, आणि ती तेथे नाही, त्याच्या गावी आहे. आखातातून येणाऱ्या पैशाने आपल्याकडेही घरे उठली, लग्ने झाली, मुले शिकली. तो पैसा मोजताना, जाण्यासाठी किती कर्ज काढावे लागले, हेही विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. परक्या किनाऱ्यावर आपल्याला सुचलेला हा विचार आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू होता.