अंतर मोजणारी दुर्बीण



युनियनच्या माणसाने शिकारीच्या दुर्बिणीवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. आम्ही बंदूक कधी हाती धरली नाही. पण आमच्या एका फिटर मित्राचा मुलगा अमेरिकेत मोंटाना राज्यात असतो. त्याला अशी दुर्बीण घ्यायची होती. 'काका, तुमचा जन्म मापाच्या हत्यारांत गेला, तुम्हीच सांगा,' असे त्याने लिहिले, आणि आम्हाला वाचणे भाग पडले.

तिकडच्या माळावर प्रेअरी डॉग नावाचा प्राणी असतो. नावात कुत्रा, पण कूळ खारीचे. तो बिळांची वस्ती करतो, गुरांच्या वाटणीचे गवत खातो, म्हणून गुरांचे मालक त्याला उपद्रवी ठरवतात आणि लोक त्याला तीन-चारशे मीटरांवरून टिपतात. उभा राहिला तर दीड वीत उंच, रुंदी चार बोटे. गोळी तर वाटेत झुकत जाते. चारशे मीटरांच्या सुमारास अंतराचा अंदाज पंचवीस मीटरांनी चुकला, तर हलक्या रायफलीची गोळी दहा-पंधरा सेंटिमीटर वरखाली पडते. म्हणजे नेम हुकतो, किंवा जनावर पाय मोडून बिळात शिरते आणि आत तडफडत मरते. हे दुसरे आम्हाला सोसवत नाही.

१९९२ साली लायका कंपनीने जिओव्हिड ही दुर्बीण काढली. तीत पाहणे आणि लेझरने मोजणे एकत्र आले. तीनशे मीटरांवर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट वेळ लागतो. तेवढा वेळ हे यंत्र मोजते. कारागिरी खरी!

पण जाहिरातीतला आकडा जपून वाचावा. पगारवाढीच्या करारात मोठा आकडा पहिल्या पानावर आणि अटी शेवटच्या पानावर असतात, तसेच हे. 'दोन हजार मीटर' हे चकचकीत पाटीवर, ढगाळ हवेत. गवतावर आणि भर उन्हात पल्ला पुष्कळ घटतो. शिवाय किरण पसरतो. तो हजार मीटरांना दोन मीटर पसरत असेल, तर चारशेवर ऐंशी सेंटिमीटर होतो. चार बोटांच्या जनावराला तो पुरता लागतच नाही, मागच्या माळाचे अंतर सांगतो. म्हणून पल्ल्यापेक्षा किरण किती बारीक आहे ते विचारावे, आणि मोजताना जनावराऐवजी त्याच्या बिळाचा मातीचा उंचवटा धरावा.

काच मात्र उत्तम हवी. बटण क्षणभर दाबायचे, पाहायचे तासन् तास. आठ पट की दहा पट? तिपाई असेल तर दहा. हातात धरायची तर आठच बरी. त्याहून मोठी पट घेतली तर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथरही तेवढीच मोठी दिसते.

आणखी एक गोष्ट आम्ही त्याला न विचारता लिहिली. काळ्या पायांचे फेरेट हे छोटे शिकारी जनावर जवळजवळ या प्रेअरी डॉगवरच जगते. ते नामशेष झाले असे मानले जात होते, तेव्हा १९८१ साली वायोमिंगमध्ये सापडले. माळावर टाकलेल्या मढ्यांतले शिसे गरुडांच्या पोटातही जाते. तेव्हा मारायचेच असेल तर गोळी तांब्याची वापर, असे लिहिले.

त्याचे उत्तर दोन महिन्यांनी आले. दुर्बीण दहा पटीची घेतली, तिपाईही घेतली. बंदुकीचा विषय पत्रात नव्हता. वस्तीतली पिले किती वाजता बाहेर येतात, एवढेच दोन पाने लिहिले होते.