गाडीच्या सीटवरचा डाग

श्रोतेहो, मोटारीच्या सीटवरचे डाग हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय झाला, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. ज्याची गाडी त्याने धुवावी, आपल्याला काय त्याचे! पण मंडळी, खेड्यात गाडी एकट्याची कुठे असते? आळीतल्या एकाच्या दारात ती उभी राहिली, की तिच्यावर सगळ्या आळीचा थोडाथोडा हक्क चढतो. कुणाला विंचू चावला, कुणाच्या मुलीची परीक्षा तालुक्याला आहे, की पहिली हाक त्याच दारात. आणि मागून नेलेली गाडी डागासकट परत करण्याची पाळी कधी ना कधी येतेच.

आमच्यावर ती तीन वर्षांपूर्वी श्रावणात आली. मुलगी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दवाखान्यातून तिला नि बाळाला आणायला शेजारच्या अण्णाभावजींनी आपली गाडी काढली, स्वतः चालवत नेली. गाडी जुनी घेतलेली, हप्ते अजून चालू. पण आतून अशी ठेवलेली की बसताना माणसाने आपणहून चपला झटकाव्या. घरी उतरून पाहते तर मागच्या राखी रंगाच्या सीटवर तळहाताएवढा रक्ताचा डाग, शेजारी बाळाने काढलेले दूध. मुलगी शरमेने रडायच्या बेतात. मी म्हटलं, "तू आत जा. भावजींचा चहा होईस्तोवर मी डाग काढते."

आणि काय केलं मी? बंबातलं कढत पाणी बादलीभर आणलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि ब्रशाने घसाघसा घासलं. वास्तविक मी शाळेत विज्ञान शिकवते. अंडे उकडले की घट्ट का होते, हे वीस वर्षे मुलांना सांगत आले. रक्तातही तसलीच प्रथिने. कढत पाण्याने ती गोठली आणि धाग्यांना धरून बसली. लाल डाग तपकिरी झाला, पसरला, आणि निम्मी बादली सीटच्या पोटात गेली. वरचे कापड दोन दिवसांत वाळले. आतला फोम काही वाळेना. त्यात श्रावणाची हवा. चौथ्या दिवशी दार उघडले की नासक्या दुधाचा भपकारा.

भावजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी सीटवर गोधडी अंथरली, बस्. त्या न बोलण्याचंच ओझं झालं बघा. पुढच्या आठवड्यात बाळ तापाने फणफणले, तर गाडीचा विषय ह्यांनी काढला नाही आणि मीही नाही. बाळाला पदराखाली घेऊन आम्ही पावसात फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत पाऊण तास उभे होतो. समोरच्या दारात गाडी उभी असताना!

ताप उतरला तशी मी भावजींकडे गेले. म्हटलं, "कढत पाणी मी ओतलं. आता एक रविवार गाडी आमच्या अंगणात लावा." त्या रविवारी आणि पुढे जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

डाग कसला आहे हे ठरल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. रक्त, दूध, अंडे यांना थंड पाणीच. पांढरे सुती फडके थंड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचे आणि डागावर दाबायचे. घासायचे नाही बरं का, टिपायचे. तेही कडेकडून मधे, म्हणजे डाग पसरत नाही. फडके पांढरेच हवे, नाहीतर त्याचाच रंग सीटला लागतो. ताजे रक्त निम्म्याहून अधिक एवढ्यानेच निघते. माझ्यासारखे गोठवून ठेवले असेल, तर ज्या धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर 'एन्झाइम' असे छापलेले असते ती घ्या. एन्झाइम म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारा पाचक. तो कढत पाण्यात निकामी होतो, म्हणून पाणी कोमटच हवे. एक चमचा पावडर वाटीभर पाण्यात घोळून फडके भिजवा, पिळा, डागावर अर्धा तास ठेवा, मग साध्या ओल्या फडक्याने तीन-चार वेळा टिपून घ्या. उरलेल्या खुणेला औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येते. रक्ताला लागताच ते फसफसते. मात्र ते कापडाचा रंगही उडवते, तेव्हा आधी सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहा.

दुसरी गोष्ट पाण्याची. सीट म्हणजे सतरंजी नव्हे, की ओढ्यावर नेऊन आपटावी. पूर्वीच्या ॲम्बॅसिडरला, जी २०१४ साली बनायची थांबली, बहुधा रेक्झिनची सीट असे. ओले फडके फिरवले की काम झाले. आताच्या कापडी सीटखाली जाड फोम असतो आणि तो स्पंजासारखे पाणी पितो. म्हणून साबणाचे पाणी ओतायचे नाही. ते रवीने घुसळा आणि वरचा फेस तेवढा मऊ ब्रशाने लावा. मग जाड टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर गुडघा टेकून भार द्या. टॉवेल किती ओला होतो ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल. शेवटी सीटचा तो सगळा भाग शिवणीपर्यंत ओलसर फडक्याने एकसारखा पुसून घ्या, नाहीतर डाग जातो आणि पाण्याचे वर्तुळ मागे राहते. चारी दारे उघडी ठेवून वारा लागू द्या. पावसाळ्यात घरातला टेबलफॅन लावा. आतून ओलसर राहिली तर बुरशी धरलीच म्हणून समजा.

आता हळदीकडे येते, कारण हिने भल्याभल्यांना घाबरवले आहे. जेजुरीहून परतलेल्या गाडीत भंडाऱ्याने सीटा पिवळ्याधमक असतात. कोणीतरी भक्तिभावाने साबण लावतो आणि पिवळ्याचे एकदम लाल होते! घाबरू नका. हळदीतला रंग, कर्क्युमिन, साबणासोड्यासारख्या अल्कलीत तांबडा होतो आणि लिंबाने परत पिवळा. शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग वर्गात अवश्य करा. टिपकागदाला हळदीचे पाणी लावून वाळवा, एका टोकाला साबण, दुसऱ्याला लिंबू. मुले विसरणार नाहीत.

सीटवर मात्र भंडारा कोरडा असतानाच मऊ ब्रशाने झाडून काढावा, ओले फडके लावूच नये. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, स्पिरिटात विरघळते. म्हणून उरलेला डाग स्पिरिटाच्या बोळ्याने टिपा. त्यानंतरचे काम उन्हाचे. कर्क्युमिन उन्हाने विटते. दार उघडून सीटवर थेट ऊन येईल अशी गाडी तीन-चार दिवस लावली, की पिवळेपणा पुष्कळ कमी होतो. काच बंद ठेवून हे तितके साधत नाही. भंडाऱ्यात दुसरा कसला पिवळा रंग मिसळलेला असेल, तर मात्र उन्हाने तो जाईलच असे नाही.

बाकीचे थोडक्यात. चिखल काळ्या मातीचा असो की कोकणच्या तांबड्या, आधी वाळू द्या, मग झाडा; ओला पुसला की तो धाग्यात शिरतो. तेलातुपावर खडूची पूड किंवा मक्याचे पीठ तासभर पसरा आणि झाडून मग भांड्याच्या साबणाचा फेस लावा. चहाचा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दुप्पट पाणी घालून टिपला तर हलतो. गुळाला नि उसाच्या रसाला कोमट पाणी पुरे. पानाच्या पिंकेपुढे निम्मे यश मिळाले तरी खूप मानावे, आणि केळीच्या चिकापुढे मी साफ हात टेकले आहेत. रिठ्याचा फेस चांगला असतो, पण त्याचे पाणी स्वतःच तांबूस. फिकट कापडावर वापरू नये.

आणि दोन-तीन गोष्टी जिवाच्या आहेत. डाग काढायला गाडीत रॉकेल-पेट्रोल वापरू नका. स्पिरिटसुद्धा दारे उघडी ठेवून, थोडे, आणि जवळ काडी किंवा विडी नसताना. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर सीटला लावू नका, आणि ती संडास धुण्याच्या ॲसिडाजवळ तर नेऊच नका. दोन्ही मिसळली की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद गाडीत तो जीव घेईल. नव्या गाड्यांत सीटखाली विजेच्या तारा असतात. काहींच्या पाठीत एअरबॅग असते आणि तशी चिठ्ठी शिवलेली असते. तिथे पाणी झिरपू देऊ नये. सीटबेल्ट फक्त सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा, कारण तीव्र रसायनाने त्याचे विणकाम कमकुवत होते.

अण्णाभावजींच्या सीटचे काय झाले, ते राहिलेच. तीन रविवार लागले. वास पुरता गेला. डागाची फिकट सावली अजून आहे, माहीत असेल त्यालाच दिसते. तिसऱ्या रविवारी भावजींनी गोधडी काढून वहिनींकडे धुवायला दिली आणि मला म्हणाले, "बाई, परवा नातवाच्या लशीची तारीख आहे ना? आठ वाजता तयार राहा." नातू आता तीन वर्षांचा आहे. त्याच जागी बसून बिस्किटे खातो आणि चुरा सीटच्या फटीत नेमका कोंबतो. चुऱ्याला पाणी लावायचे नसते. तो कोरड्या ब्रशाने निघतो.